मुख, हात आणि मुद्रा : स्त्रियांच्या विनोदी चित्रपुस्तकांचा तंजावरातून विचार

१

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला ‘मुद्रा’ हा शब्द पावलोपावली भेटतो. आज्ञापत्रावरचा राजाचा शिक्का ही मुद्रा. कृतीच्या शेवटच्या चरणात रचनाकाराने गुंफलेले आपले नाव हीही मुद्राच. नर्तकीच्या हाताची ठेवण मुद्रा, चेहऱ्यावरचा भावही मुद्रा, आणि छापण्याच्या क्रियेला तर आपण मुद्रणच म्हणतो. सरफोजी दुसरे यांनी १८०५ साली तंजावरात छापखाना सुरू केला. तेथून १८०६ मध्ये इसापाच्या कथांचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या पुस्तकाचा उल्लेख आद्य म्हणून होतो. ते मुलांना हसतखेळत शहाणपण सांगणारे पुस्तक आहे, ही गोष्ट मात्र आपण फारशी ध्यानात घेत नाही. कावळ्याकोल्ह्यांच्या फजितीतून बोध देणाऱ्या या पोथीपासून आजच्या विनोदी चित्रपुस्तकांपर्यंत एक वाट जाते. त्या वाटेवर स्त्रीचे पाऊल कोठे उमटले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘विनोदी चित्रपुस्तक’ ही संज्ञा येथे थोड्या व्यापक अर्थाने योजली आहे. चौकटींच्या क्रमाने गोष्ट सांगणारे, पात्रांच्या तोंडी फुग्यांतून संवाद घालणारे आणि वाचकाला हसवणे हाच मुख्य हेतू असणारे पुस्तक, म्हणजे ज्याला आपण रूढ भाषेत ‘कॉमिक’ म्हणतो ते, तिच्यात येते. वृत्तपत्रांत रोज किंवा आठवड्याला येणाऱ्या आणि पुढे पुस्तकात संकलित झालेल्या चित्रमालिकाही येतात. अशा पुस्तकांवर स्त्रीचे नाव क्वचित आढळते. मराठीत तर ही उणीव विशेष जाणवते. गद्य विनोदात शकुंतला परांजपे यांच्यापासून मंगला गोडबोले यांच्यापर्यंत स्त्रियांची परंपरा दाखवता येते. पण व्यंगचित्रांचा विषय निघाला की वसंत सरवटे, शि. द. फडणीस अशी पुरुषांचीच नावे ओठांवर येतात. मधुकर पाटकरांनी १९५१ पासून चालवलेल्या ‘आवाज’ या दिवाळी अंकाची ‘खिडकीचित्रे’ महाराष्ट्रभर गाजली. त्या खिडकीबाहेर उभा राहून पाहणारा पुरुष होता आणि खिडकीत दिसणारी बहुधा स्त्री. म्हणजे आपल्या व्यंगचित्रकलेत स्त्री भरपूर आहे, परंतु ती विनोदाचा विषय म्हणून. विनोदाची कर्ती म्हणून तिचा शोध घेऊ लागलो की पाने रिकामी लागतात.

स्त्रियांना विनोदाचे अंग कमी, असे याचे एक जुने आणि सोयीस्कर उत्तर आहे. ज्याने कधी जात्यावरच्या ओव्या, उखाणे किंवा विहिणींच्या पंगतीतली टोलेबाजी ऐकली आहे, त्याला या उत्तराचा पोकळपणा सांगावा लागत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. ही उणीव काही अंशी खरी आहे आणि काही अंशी आपल्या मोजण्याच्या रीतीतून निर्माण झालेली आहे. आपण ग्रंथ मोजतो ते मुद्रेवरून, म्हणजे मुखपृष्ठावरच्या नावावरून. विनोदी चित्रपुस्तकात मात्र तीन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात : बोलणारे मुख, रेखाटणारा हात आणि कृतीवर उमटलेली मुद्रा. या तिन्ही एकाच व्यक्तीच्या असतील असे आपण गृहीत धरतो, आणि हे गृहीतच तपासून पाहायला हवे.

२

ही तपासणी तंजावरातून सुरू करण्याचे कारण असे, की मुख आणि मुद्रा यांची फारकत येथील मराठी वाङ्मयात फार स्पष्ट दिसते. कुरवंजी या नाट्यप्रकाराचे उदाहरण घेऊ. कुरवंजी म्हणजे डोंगरातली, हात पाहून भविष्य सांगणारी कुरव स्त्री. सरफोजींच्या नावे असलेल्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त ही स्त्री इंद्राणीला भविष्याच्या निमित्ताने चक्क जगाचा भूगोल सांगते. पोथीत बंदिस्त असलेली नवी विद्या एका भटक्या बाईच्या तोंडून वदवावी, ही कल्पनाच मुळात खेळकर आहे. राणी ऐकते आहे आणि रानातली बाई शिकवते आहे, अशी ही उलटापालट आहे. ज्ञान देणारे मुख स्त्रीचे. मुद्रा मात्र राजाची.

कुरवंजीच्या तमिळ परंपरेत याहून ठळक विनोदी स्थळ आहे ते सिंगन आणि सिंगी यांच्या संवादाचे. भविष्य सांगून दागिने मिळवून आलेल्या सिंगीला तिचा नवरा सिंगन गाठतो आणि एकेका दागिन्याकडे बोट दाखवून हे काय, ते काय, असे विचारत सुटतो. रानात पक्षी पकडणाऱ्या या गड्याला पायातला दागिना साप वाटतो. सिंगी प्रत्येक प्रश्नाला शांतपणे, थोडे खिजवत, उत्तर देते. प्रश्न पुरुषाचा, उत्तर स्त्रीचे. भोळा तो, जाणती ती. संवादाची ही घडण चौकटींच्या चित्रकथेला किती जवळची आहे, हे सहज लक्षात येईल. एक चौकट प्रश्नाची, एक उत्तराची, आणि दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत हशा. मूर्खाचे डोळे वस्तूला जशीच्या तशी पाहतात. व्यवहाराने तिला दिलेला अर्थ त्यांना दिसत नाही. या एका युक्तीकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

मुद्रा स्त्रीची असली तर काय होते, याचेही उदाहरण तंजावरानेच दिले आहे. प्रतापसिंह राजांच्या (१७३९–१७६३) दरबारातील मुद्दुपळनी हिने तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य रचले. रुसलेली राधा आणि तिची मनधरणी करताना मेटाकुटीस आलेला कृष्ण हा त्याचा विषय. देवाची ही तारांबळ रंगवताना कवयित्रीची नजर मिस्कील आहे. काव्याच्या आरंभी तिने आपली ओळख अभिमानाने करून दिली आणि आपल्या कुळातील स्त्रियांची परंपरा सांगितली. पुढे हे काव्य छापले गेले तेव्हा आधीच्या आवृत्तीत नेमकी ही ओळख आणि काही पद्ये गाळण्यात आली होती. बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० मध्ये संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले, तर ते अश्लील ठरून त्यावर बंदी आली. ती उठायला १९४७ साल उजाडावे लागले. येथे मुख, हात आणि मुद्रा ही तिन्ही एकाच स्त्रीची होती. त्यातली मुद्रा आधी पुसली गेली आणि ग्रंथ नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. नाव काढले की मजकूर बिनधोक होतो आणि नावासह तोच मजकूर धोक्याचा ठरतो, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

याच गावात निनावी हातांची एक विनोदी कलाही नांदते. तंजावरची मान डोलावणारी बाहुली, तमिळमध्ये ‘तलैयाट्टि बोम्मै’, सर्वांनी पाहिलेली असते. कागदाच्या लगद्याची, तळाशी जड, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी राजा-राणीची किंवा म्हातारा-म्हातारीची ही जोडी म्हणजे घडवलेले व्यंगचित्रच होय. चार ठळक रेषांत स्वभाव पकडायचा, एक अवयव वाढवायचा आणि एकच हालचाल पुन्हा पुन्हा करवायची, ही व्यंगचित्रकाराचीच रीत. घराघरांत कुटुंबातली माणसे मिळून ही बाहुली रंगवतात. तिच्यावर मुद्रा कोणाचीच नसते. नवरात्रातल्या कोलूच्या पायऱ्यांवर देवांच्या रांगेत एखादी डोलणारी म्हातारी घरच्या बाईने हळूच बसवलेली असते, तेव्हा त्या मांडणीतला विनोदही निनावीच राहतो.

याउलट तंजावरात जन्मलेल्या एका पुरुष व्यंगचित्रकाराची मुद्रा अख्ख्या तमिळ वाचकवर्गाने ओळखली. १९२४ साली जन्मलेले गोपालन ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात गेले. तेथील ज्येष्ठ व्यंगचित्रकार माली यांनी त्यांना ‘गोपुलु’ ही सही दिली, आणि ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’च्या चित्रांमुळे ती सही घरोघर पोहोचली. गुरूने शिष्याला मुद्रा द्यावी आणि नियतकालिकाने ती आठवड्याला छापावी, ही परंपरेची सरळ वाट होय. स्त्रियांना ही वाट कितपत खुली होती, हा खरा प्रश्न आहे.

३

या प्रश्नाच्या दोन टोकांना विसाव्या शतकातील दोन परदेशी उदाहरणे उभी आहेत. तंजावरहून एकदम इतक्या दूर जाण्याचे कारण एवढेच, की मुद्रा आणि हात यांचा व्यवहार तेथे कागदोपत्री नोंदला गेला आहे.

पहिले उदाहरण अमेरिकेतील ‘लिटल लुलू’चे. मार्जरी हेंडरसन ब्यूल (१९०४–१९९३) ‘मार्ज’ या सहीने चित्रे काढत. २३ फेब्रुवारी १९३५ च्या ‘सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट’मध्ये त्यांची लुलू प्रथम अवतरली. लग्नसमारंभात नवरीपुढे फुले उधळण्याऐवजी ही पोर केळीची साले टाकत चालली होती! एका चौकटीचा हा विनोद जवळजवळ दहा वर्षे चालला. १९४५ पासून डेल या प्रकाशनाने लुलूची स्वतंत्र चित्रपुस्तके काढली. त्यांवर नाव होते ‘मार्जची लिटल लुलू’. आतील कथा मात्र जॉन स्टॅन्ली रचत, आणि चित्रे बरीचशी अर्विंग ट्रिप पूर्ण करीत. मुलींना मज्जाव असलेला मुलांचा अड्डा आणि त्या अड्ड्याला बुद्धीने पुरून उरणारी लुलू ही आज अभिजात मानली जाणारी घडण याच पुस्तकांतली आहे. म्हणजे मुद्रा स्त्रीची आणि हात पुरुषांचे. असे असूनही हे पात्र मार्ज यांचेच राहिले, कारण त्यांनी हक्क स्वतःकडे ठेवले होते. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी निवृत्त होताना त्यांनी ते विकले, आणि लवकरच पुस्तकाच्या मथळ्यातून ‘मार्जची’ हा शब्द गळाला. मुद्रा ही कायदेशीर वस्तूही असते. ती विकता येते आणि विकली की पुसता येते. पुढे २००६ मध्ये त्यांचे कागद हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयात, म्हणजे स्त्रियांच्या इतिहासाच्या संग्रहात, दाखल झाले. मथळ्यावरून गेलेले नाव संग्रहाच्या सूचीत परत आले.

दुसरे उदाहरण जपानचे. हासेगावा माचिको (१९२०–१९९२) यांची ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची मालिका २२ एप्रिल १९४६ रोजी फुकुओकाच्या एका सायंदैनिकात सुरू झाली. पुढे ती ‘आसाही शिंबुन’मध्ये गेली आणि १९७४ पर्यंत चालली. साझाए हे एका समुद्री शंखाचे नाव. घरातली बाकीची माणसेही अशीच समुद्राशी नाते सांगणाऱ्या नावांची. युद्धात हरलेल्या, रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या देशात ही धांदरट, मोकळी, नवऱ्यासह माहेरीच राहणारी तरुणी रोज काहीतरी घोटाळा करी आणि वाचक हसत. आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट पुस्तकाची आहे. हासेगावा यांनी बहिणींसह स्वतःच प्रकाशनसंस्था काढली आणि तिचे नाव ठेवले ‘शिमाईशा’, म्हणजे भगिनीमंडळी. पहिला खंड आडव्या, मोठ्या आकाराचा काढला. तो दुकानाच्या फळीवर नीट बसेना म्हणून परत येऊ लागला. पुढच्या वेळी त्यांनी आकार लहान केला आणि पुस्तक चालले. मुख, हात, मुद्रा आणि मुद्रण ही चारही येथे एका घरातल्या स्त्रियांकडे होती. वृत्तपत्रातला विनोद दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो; त्याचे पुस्तक झाले तरच त्याला परंपरा मिळते, हे या बहिणींनी ओळखले होते. आकार चुकला तरी तो त्यांनी स्वतःच दुरुस्त केला, कारण निर्णय त्यांचा होता.

४

भारतात या दोन टोकांच्या मधली उदाहरणे सापडतात. मंजुळा पद्मनाभन (जन्म १९५३) यांची ‘सुकी’ १९८२ मध्ये मुंबईच्या ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये ‘डबल टॉक’ या मथळ्याखाली सुरू झाली. नव्वदीच्या दशकात ती दिल्लीच्या ‘पायोनियर’मध्ये होती. विस्कटलेल्या केसांची, स्वतःशी वाद घालणारी सुकी कोणाची बायको, आई किंवा सून म्हणून आपल्यासमोर येत नाही. भारतीय व्यंगचित्रातील स्त्रीला बहुधा नात्याशिवाय ओळख नसते. लाटणे, खरेदी, माहेर आणि शेजारीण या चार खुंट्यांवर तिचा विनोद टांगलेला असतो. सुकीने या चारही खुंट्या रिकाम्या ठेवल्या. तिचा विनोद घडतो तो विचार करण्याच्या क्रियेतून : मनात एक गोष्ट येते, तिला दुसरी गोष्ट छेद देते, आणि शेवटच्या चौकटीत विचार करणारीच फसते. हा विनोद मुंबईत जन्मला. पण त्याचे पुस्तक व्हायला बराच काळ जावा लागला. ‘धिस इज सुकी’ २००० साली आणि ‘डबल टॉक’ हे संकलन २००५ मध्ये आले. मधल्या काळात ‘हार्व्हेस्ट’ या नाटकाला १९९७ मध्ये ओनासिस पारितोषिक मिळून नाटककार म्हणून त्यांची ख्याती झाली. आजही त्यांच्या परिचयात नाटक प्रथम येते आणि सुकी नंतर. वाङ्मयप्रकारांच्या उतरंडीत विनोदी चित्रमालिकेचे मडके किती खाली आहे, हे यावरून कळते.

बंगळुरूच्या माया कामत (१९५१–२००१) यांचा प्रवास याहून बोलका आहे. ऐंशीच्या दशकात ‘गीता’ या गृहिणीच्या चित्रमालिकेने त्यांनी आरंभ केला आणि तेथून त्या राजकीय व्यंगचित्राकडे वळल्या. घरगुती विनोदाकडून राजकीय व्यंगाकडे जाणे ही बढती आहे, असा आपला समज असतो. मला तो मान्य नाही. भाजीच्या हिशेबात जी नजर लागते तीच अंदाजपत्रकाच्या हिशेबात लागते, हे त्यांच्या कामावरून दिसते. त्यांच्या निधनानंतर हजारो चित्रांचा हा ठेवा मुंबईच्या ‘स्पॅरो’ या स्त्रियांविषयीच्या ध्वनिचित्र संग्रहाने जतन केला. १९८८ मध्ये नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी ही संस्था उभारली. सी. एस. लक्ष्मी म्हणजे तमिळ कथाकार अंबै. कन्नड प्रदेशातील व्यंगचित्रकर्तीची रेषा तमिळ लेखिकेच्या संग्रहात आणि मराठी शहरात सुरक्षित राहावी, हा योग तंजावरच्या पंचभाषी दरबाराची आठवण करून देणारा आहे.

५

आता ज्या उदाहरणासाठी हा सारा प्रपंच केला त्याकडे वळू. अनंत पै यांनी १९८० साली मुंबईत सुरू केलेल्या ‘टिंकल’मध्ये १९८३ पासून सुपंडी हे पात्र येऊ लागले. सुपंडीचे मूळ तमिळ लोककथेतल्या भोळ्या गड्यात आहे, आणि त्याच्या पहिल्या गोष्टी एका तमिळ वाचकाने पाठवलेल्या होत्या. या भोळ्याला चेहरा दिला तो राम वाईरकर या मराठी चित्रकाराने. चमत्कारिक घडणीचे डोके, निरागस डोळे आणि आज्ञा पाळण्याची अफाट तयारी यांमुळे सुपंडी भारतभरच्या मुलांना घरचा वाटू लागला. तमिळ मूर्ख आणि मराठी रेषा यांचा हा संयोग तंजावरच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. दीड शतकाहून अधिक काळ येथे हेच होत आले होते.

सुपंडीच्या विनोदाचे यंत्र तपासले तर त्यात आपला सिंगन भेटतो. मालक काही सांगतो. सुपंडी त्या शब्दांना अक्षरशः धरतो, किंवा मागच्या प्रसंगी मिळालेली सूचना पुढच्या प्रसंगी तंतोतंत अमलात आणतो. सिंगनला दागिन्यात साप दिसतो, सुपंडीला आज्ञेत फक्त शब्द दिसतात. दोघांच्याही ठिकाणी व्यवहाराने चढवलेला अर्थ गळून पडतो आणि आपण हसतो. पण हसता हसता लक्षात येते, की चूक सांगणाऱ्याचीही आहे. आज्ञा देणाऱ्याने काय गृहीत धरले होते, हे आज्ञा पाळणारा उघड करतो. मूर्ख नोकराची गोष्ट ही म्हणून मालकाची परीक्षा असते. मात्र एक फरक नोंदवायला हवा. सिंगनसमोर सिंगी होती. उत्तर देणारे जाणते मुख स्त्रीचे होते. सुपंडीसमोर मालक आहे. लोकनाट्यातली बाई चित्रपुस्तकात येताना वाटेत हरवली.

ती परत आली, पण वेगळ्या वाटेने. २००३ मध्ये राम वाईरकरांचे निधन झाले. त्यानंतर सुपंडीची चित्रे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर काढू लागल्या. भारतातील एक अत्यंत लोकप्रिय विनोदी पात्र असे एका मराठी स्त्रीच्या हाती आले. आपल्या वाङ्मयीन चर्चेत या घटनेची दखल घेतलेली मला दिसली नाही. याचे कारण उघड आहे. मुद्रेवरून मोजणाऱ्याला येथे मोजण्यासारखे काही सापडत नाही. पात्राची कल्पना लोकांची, रूप वडिलांचे, हक्क प्रकाशनाचे. स्त्रीचा आहे तो हात.

येथे समीक्षकापुढे एक मोह उभा राहतो. वडिलांच्या आणि मुलीच्या सुपंडीची चित्रे शेजारी ठेवावीत आणि दुसऱ्यात ‘स्त्रीची रेषा’ शोधावी, कोठे ती अधिक हळुवार आहे, कोठे घरातले बारकावे वाढले आहेत, हे दाखवावे, असे वाटते. हा मोह आवरला पाहिजे. चालू असलेल्या पात्राच्या चित्रकाराचे कौशल्य नेमके याउलट असते : वाचकाला हात बदलल्याचे कळू नये. मुलाने नवा अंक उघडला आणि त्याला कालचाच सुपंडी भेटला, तर चित्रकार यशस्वी. कीर्तनकाराच्या घरात मुलगा बापाचीच चाल लावतो, वीणा करणारे घराणे तोच नाद पुढच्या पिढीत उतरवते; त्यांच्याकडे आपण नावीन्य मागत नाही, निष्ठा मागतो. विनोदात ही निष्ठा विशेष अवघड असते, कारण विनोद वेळेवर चालतो. भुवई एका केसाने वर गेली किंवा फुगा जरा आधी आला, की हसू विझते. हे वेळेचे भान परक्या साच्यात राहून राखणे हे कर्तृत्वच आहे, केवळ नक्कल नव्हे.

परंतु या कौशल्याचे गोडवे गाताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. ‘हात दिसू नये’ ही अपेक्षा आपण स्त्रीकडून अन्यत्रही करीत आलो आहोत. स्वयंपाक उत्तम झाला तर घराण्याची चव आणि बिघडला तर सुनेचा हात, हा न्याय सर्वांच्या परिचयाचा आहे. कलेतली निष्ठा आणि घरातली अदृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकार स्वतःची रेषा लपवतो तेव्हा ती त्याची निवड असते. सूचीकार त्याचे नाव लपवतो तेव्हा ती चूक असते. अर्चना आंबेरकर यांचे नाव गोष्टींबरोबर छापले जाते. ते न वाचण्याची चूक आपली, अभ्यासकांची आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हात स्त्रीचा असला म्हणून पुस्तक स्त्रीचे कसे? लुलूच्या बाबतीत हात पुरुषांचे असूनही आपण ते मार्जचे मानतो, आणि सुपंडीच्या बाबतीत हातालाच महत्त्व देतो. ही दुटप्पी फूटपट्टी नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की दोन्ही ठिकाणी पुस्तक ‘कोणाचे’ हा प्रश्नच अपुरा आहे. लुलूत मुद्रा व मूळ कल्पना मार्जची, कथा स्टॅन्लीची. सुपंडीत मूळ लोककथेचे, रूप वाईरकरांचे, आजची रेषा आंबेरकरांची. अनेकांच्या कष्टांतून उभ्या राहणाऱ्या या प्रकाराला एककर्तृक काव्याची मापे लावली, की कोणावर तरी अन्याय होतो. तो बहुधा स्त्रीवर होतो, एवढेच येथे सांगायचे आहे.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. ही सारी मुलांची करमणूक. तिला एवढे ओझे का द्यावे? याला तंजावरचेच उत्तर पुरेसे आहे. सरफोजींच्या छापखान्याने आरंभीच इसापाच्या गोष्टी हाती घेतल्या. मुलांच्या हाती हसते पुस्तक देणे हे तेथे राज्यकर्त्याच्या विद्याव्यासंगाचे अंग होते. शहाजी राजांनी (१६८४–१७१२) ‘सतीदानशूरमु’ या तेलुगू नाटकात मन्नारगुडीच्या उत्सवात पाघळलेल्या विद्वान ब्राह्मणाची आणि त्याला आवरू पाहणाऱ्या शिष्याची जी फजिती मांडली, ती सरस्वती महालाच्या परंपरेत मानाने जपली गेली. विनोद हलका म्हणून पोथी टाकून दिली नाही. राजाच्या विनोदाला जो मान मिळाला तो इतरांच्याही विनोदाला मिळावा, इतकीच मागणी आहे.

ही मागणी व्यवहारात आणायची तर आरंभ सूचीपासून करावा लागेल. विनोदी चित्रपुस्तकाची नोंद करताना कल्पना कोणाची, संहिता कोणाची, रेषा कोणाची, अक्षरलेखन व रंग कोणाचे आणि मुद्रा कोणाची, ही घरे वेगळी ठेवावीत. दिवाळी अंकांच्या सूचीत व्यंगचित्रकारांची नावे लेखकांइतक्याच काळजीने घ्यावीत. मुलांच्या मासिकांचे जुने अंक ग्रंथालये निकालात काढतात, ते थांबावे. या रिकाम्या घरांत किती स्त्रियांची नावे भरतील, हे आज सांगता येणार नाही. मोजणीची रीत बदलल्यावाचून ते कधीच सांगता येणार नाही, हे मात्र निश्चित.

तंजावरच्या बाजारात डोलणारी म्हातारी विकत घेताना आपण तिला बोटाने ढकलून पाहतो; ती मान हलवते आणि पुन्हा सरळ बसते. तिच्या तळाशी बसवलेले वजन बाहेरून दिसत नाही, पण तेच तिला उभे ठेवते. विनोदी चित्रपुस्तकांच्या इतिहासात स्त्रियांचा हात असाच तळाशी आहे. बाहुली उलटून त्या तळाकडे पाहण्याचे काम आता अभ्यासकांना करायचे आहे.